नऊ नंबरचा शिरा

बाबा,

तुमचा नऊ नंबर तुम्ही त्याच्या नावाने शिरा केलात त्यानंतर सात वर्षं खेळला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणणंही खरं नाही. मी सांगितलं नव्हतं. तुम्हाला जाऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली. गेल्या वर्षी मी कॉलेजातून निवृत्त झालो, श्रीवर्धनच्या घरात परत राहायला आलो आणि या पावसाळ्यानंतर तुमची बोटीवरची पत्र्याची पेटी उन्हात ठेवायला बाहेर काढली. पेटीत वरच्या बाजूला तुमची कात्रणं आहेत, सुतळीने बांधलेली. तळाला अकरा पाकिटं आहेत. ती तुम्ही गेल्यावर मी तिथे ठेवली. ती तुम्ही कधी पाहिली नाहीत.

तुम्ही बोटीवर भंडारी होता, पंचेचाळीस माणसांचा स्वयंपाक करत होता. यंत्र बिघडलं म्हणून युगोस्लावियातल्या एका बंदरात तुमची बोट सहा आठवडे अडकली. त्या बंदराचं नाव तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात. तिथला एक क्रेनवाला दुपारी बोटीवर चढे, तुमच्या हातचं माशाचं कालवण आणि भात खाई आणि ताट बोटाने पुसून घेई. त्याला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला त्याची. जेवणाची परतफेड म्हणून तो रविवारी तुम्हाला फुटबॉलच्या मॅचला घेऊन जायचा. सहा रविवार. तुम्ही त्याआधी फुटबॉल पाहिला नव्हता. सहाव्या रविवारनंतर तुम्ही दुसरं काही पाहायला मागितलं नाही.

त्या बंदराच्या संघात पाठीवर नऊ आकडा असलेला एक पोरगा होता. वीस-एकवीस वर्षांचा, हडकुळा. जवळच्या बेटावरून लाँचने सरावाला यायचा. आपण दिघीहून आगरदांड्याला जातो तसा, असं तुम्ही म्हणायचात, आणि बहुधा त्या लाँचमुळेच तो तुम्हाला जवळचा वाटला. त्याचं आडनाव तुमच्या जिभेला वळलं नाही, म्हणून तुम्ही त्याला नऊ नंबर म्हणायला लागलात. तो कसा खेळतो ते तुम्ही अंगणात करून दाखवायचात. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे राहता, दुसरीकडेच बघता, जणू कुणाची तरी वाट पाहताय. मग एकाएकी चार पावलं टाकता आणि जमिनीवरच्या सुपारीपाशी असता. 'बाकीचे पळतात,' तुम्ही म्हणता. 'ह्यो पळत न्हाय. ह्यो पोचतो.' खेळाबद्दलची इतकी नेमकी गोष्ट मी पुढे कुठे ऐकली नाही. वर्गात मी ती वेगवेगळ्या निमित्ताने कैक वेळा वापरली. कुणाची ते सांगितलं नाही.

भरसमुद्रात उकळतं तेल उजव्या हातावर सांडलं आणि तुमची बोटीवरची नोकरी सुटली. घरी आलात तेव्हा तुमची तीन बोटं वळत नव्हती. तुम्ही आमच्या इंग्रजीच्या सरांच्या वाडीत सुपारी सोलायला जाऊ लागलात. सर शाळेत मला शिकवायचे आणि घरची सुपारीची वाडी सांभाळायचे. वाळलेली सुपारी डाव्या हातात धरून, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी तुम्ही तिची साल काढायचात. शेजारी पाच-सहा बाया सोलायला बसलेल्या असत. त्यांना तुम्ही नऊ नंबरच्या गोष्टी सांगायचात. त्या ऐकायच्या, कारण हात गुंतलेले असले तरी कान मोकळे होते.

मग क्रेनवाल्याची पाकिटं यायला लागली. निघताना तुम्ही त्याला पत्त्याची चिठ्ठी दिली होती, बोटीच्या एजंटाकडून लिहून घेतलेली. पत्ता माझ्या शाळेचा होता, माझ्या नावाने. घरी आलेलं परदेशी पाकीट पोस्टमन कुणालाही देईल, शाळेत कारकून जपून ठेवील, असा तुमचा हिशेब. पाकिटात पत्र नसे. वर्तमानपत्राची कात्रणं असत, कडा कात्रीने नीट कापलेल्या. पहिलं पाकीट मी घरी आणलं तेव्हा मी सातवीत होतो. तुम्ही कात्रण उलगडलंत, फोटोवर बोट ठेवलंत आणि ते माझ्या हातात दिलंत. 'वाच रं, काय लिवलंय?'

तुम्हाला अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते, इंग्रजीसुद्धा, कारण बोटीवर घड्याळ आणि वजनकाटा बघावा लागे. मी कात्रण पाहिलं. ती इंग्रजी नव्हती. एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता. पण अक्षरं एबीसीडीचीच होती, आणि मी घराण्यात इंग्रजी शिकणारा पहिला, हे तुम्ही वाडीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. 'मला येत नाही', हे तीन शब्द तेव्हा पुरले असते. मी ते म्हटले नाहीत. मजकुराच्या खाली तीन-एक असा आकडा होता, तो तुम्हीही वाचलात. त्याखाली त्याचं आडनाव एकदाच होतं, पुढे काही आकडे. ते आकडे कसले ते मला कळलं नाही. नाव एकदा, म्हणजे गोल एक. मी म्हणालो, आपण जिंकलो, त्यातला एक गोल नऊ नंबरचा.

दुसऱ्या दिवशी तेच मला वाडीत वाचून दाखवावं लागलं. मी उभा राहून वाचल्यासारखं केलं. पाऊस पडत होता, चेंडू डावीकडून आला, गोली घसरला. सोलणाऱ्या बायांतली थोराड मावशी, जी कुणालाही सोडत नसे, ती म्हणाली, 'एकच? येवड्या लांबून पाकीट आला नि गोल एकच व्हय?' तुम्ही तिला म्हणालात, 'येक काय कमी हाय? तू घालून दाव.' सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, पण माझ्याकडे पाहिलंत ते पुढचं ऐकायला. मी अजून थोडा पाऊस पाडला.

असं दोन वर्षं चाललं. दोन-तीन महिन्यांनी एक पाकीट यायचं. मी सावध होतो. फार गोल दिले तर तुम्हाला संशय येईल असं वाटायचं, म्हणून दर मॅचला एक, क्वचित एकही नाही. एकदा फोटोत त्याचे केस अगदी बारीक कापलेले होते. तुम्ही स्वतःच म्हणालात की तो लष्करात गेला असणार, तिकडे प्रत्येक पोराला जावं लागतं, क्रेनवाल्याने खुणांनी सांगितलं होतं. आणि अठ्ठावीस वर्षांचं झाल्याशिवाय खेळाडूला दुसऱ्या देशात खेळायला सोडत नाहीत, हेही त्यानेच सांगितलेलं, बोटं मोजून. तुम्ही त्याच्या अठ्ठावीस वर्षांची वाट पाहत होता. माझ्या दहावीची पाहत होता तशी.

एका दुपारी मी वाडीत वाचत असताना सर ओटीवरून खाली आले. तुम्ही उठून उभे राहिलात आणि कात्रण माझ्या हातातून घेऊन त्यांच्यापुढे धरलंत. सरांनी चष्मा लावला. ते बराच वेळ पाहत राहिले. मावशीचे हातसुद्धा थांबले होते. तुम्ही विचारलंत, 'बरोबर वाचतोय न्हवं, सर?' सरांनी कात्रण माझ्याकडे परत दिलं. ते म्हणाले, 'आवाज चांगला आहे त्याचा.' तुम्हाला ते पुरलं. तुम्ही खाली बसलात आणि पुढची सुपारी उचललीत. जाताना विहिरीपाशी त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही. 'ही इंग्रजी नाही. मलाही येत नाही ही भाषा,' ते म्हणाले. 'मी तुझ्या वडलांना काही सांगणार नाही. तू सांग.'

मी आठ दिवस सांगायचं ठरवत होतो. मला येत नाही एवढंच कबूल करायचं असतं तर कदाचित केलंही असतं. पण त्याबरोबर दोन वर्षांचे सगळे गोल जाणार होते. ते तुम्ही पाठ केलेले होते; कुठला कोणत्या पायाने, कुठला डोक्याने. मी ते परत मागायचे कसे? त्यातच नवीन पाकीट आलं. फोटोत नऊ नंबर गवतावर बसलेला होता, एक पाय पुढे, दोन्ही हात गुडघ्याभोवती. मला वाट दिसली. मी म्हणालो, त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलं. आता तो खेळणार नाही.

तुम्ही फोटो उजेडात धरलात. 'किती वर्सांचा असंल?' तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, सव्वीस. तुम्ही म्हणालात, 'दोनच वर्सं ऱ्हायली व्हती.' मग कात्रण घडी करून खिशात ठेवलंत. मी त्या वेळी काय केलं ते मला आठवतं. मी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपाशी बसलात. जळल्या हातानंतर घरात तुम्ही स्वयंपाक केला नव्हता. बोटीवरची रीत तुम्ही मला त्या दिवशी सांगितलीत. कुणी खलाशी कायमचा उतरणार असला की भंडाऱ्याने त्याच्या नावाने शिरा करायचा आणि सगळ्यांनी तो खायचा. एकदा शिरा झाला की त्या माणसाचं नाव बोटीवर पुन्हा काढायचं नाही. नाव काढलं तर त्याचा पाय घरात ठरत नाही, तो आजारी असला, थकलेला असला तरी समुद्र त्याला परत ओढतो. आई रवा देताना कुरकुरली. कुठल्या मुलखाचा कोण माणूस आणि तूप आपलं, असं ती म्हणाली. डाव्या हाताने तुम्ही रवा भाजत होता आणि उजव्या मनगटाने पातेलं दाबून धरत होता. मला दिसत होतं की पातेलं तापलंय. मी फडकं आणून धरलं. तेवढंच केलं.

शिरा तुम्ही वाडीत नेलात. सुपारीच्या विरीवर, झावळीच्या त्या रुंद देठावर, एकेकीला वाढलात. मावशीने त्या दिवशी थट्टा केली नाही, दोनदा मागून घेतला. सरांना तुम्ही ओटीवर नेऊन दिलात. आमचा नऊ नंबर उतरला, असं त्यांना सांगितलंत. सरांनी विरी हातात घेतली, मान वर करून अंगणात मी कुठे आहे ते पाहिलं, आणि शिरा खाल्ला. त्यानंतर मी शाळा सोडेपर्यंत त्यांनी मला कधी वाचायला उभं केलं नाही. तुमच्याशी ते पूर्वीसारखेच बोलत राहिले. मीही खाल्ला. चांगला झाला होता, बाबा. थोडा करपला होता, पण चांगला झाला होता.

चार महिन्यांनी कारकुनाने मला हाक मारली. पाकीट आलं होतं. मला वाटलं होतं, पाकिटंही थांबतील. का थांबतील याचा विचार मी केला नव्हता. ते मी शर्टाच्या आत घालून घरी आणलं. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. पण शिरा झालेला होता. नाव काढणं तुमच्याकडून व्हायचं नव्हतं, आणि माझ्या तोंडून ते निघालं असतं तर तुम्ही कात्रणाआधी माझ्याकडे पाहिलं असतं. मी पाकीट माळ्यावर सरकवलं. मग पुढचं. मी महाडला कॉलेजात गेलो तरी कारकून माझ्यासाठी पाकिटं ठेवत असे. सुट्टीत आलो की दोन-तीन एकदम देत असे आणि तिकडे नोकरी बघतोयस काय, असं विचारत असे.

पुढच्या हंगामात मावशीने तुम्हाला विचारलंच, काय म्हणतो तुमचा नऊ नंबर. तुम्ही म्हणालात, 'उतरला.' आणि सोलत राहिलात. क्रेनवाल्याबद्दल मात्र तुम्ही एकदा बोललात, माझ्याशीच, एस.टी. स्टँडवर मला सोडायला आला होतात तेव्हा. तोही विसरला असेल, असं म्हणालात. त्याचीही पोरंबाळं असतील, काम असेल, माणूस किती दिवस पाकिटं धाडणार. तुमच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हसळ्याची गाडी लागली होती. मी चढलो.

आता उरलेलं सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे नर्स आहे. तिकडे म्हणजे त्याच किनाऱ्यावर, पण देशाचं नाव आता वेगळं आहे. तुम्ही गेलात आणि तीन-चार वर्षांत युगोस्लाविया उरला नाही. त्याचे तुकडे झाले, लढाया झाल्या. मी त्या बातम्या वाचताना दर वेळी बंदर शोधत असे. मी तिला कात्रणांचे फोटो पाठवले. तिची घरमालकीण पंचाहत्तरीची आहे. दोघी तीन रविवार फोनवर माझ्यासाठी बसल्या. बाई मोठ्याने वाचायची, माझी विद्यार्थिनी मराठीत सांगायची.

पहिल्याच कात्रणाला मुलगी म्हणाली, 'सर, नावापुढचे आकडे आहेत ना, ती मिनिटं आहेत. तिन्ही गोल त्याचेच.' मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग सुतळीतलं दुसरं कात्रण, तिसरं. दोन. दोन. तीन. एकदा चार, बाबा, एकाच मॅचमध्ये चार, आणि त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं की त्याने एक घातला आणि एक हुकवला. मला आयुष्यभर वाटत होतं की मी तुम्हाला फुगवून सांगितलं. मी तर कमी दिलं. मावशीला ते बसल्या जागी कळलं होतं.

गवतावर बसलेल्या फोटोखाली लिहिलंय की दुसरा गोल घातल्यावर तो घसरून पडला आणि हसत तिथेच बसून राहिला. गुडघ्याला काही झालं नव्हतं. फोटो पुन्हा पाहिला तर तो हसतो आहे. आपण दोघांनी तो पाहिला होता आणि दोघांनाही ते दिसलं नव्हतं. मी गुडघा म्हटल्यावर तुम्ही गुडघाच पाहिलात.

अकरा पाकिटांतलं असं आहे. शिऱ्यानंतरच्या वर्षी तो देशाच्या संघात होता आणि पहिल्याच मॅचला त्याने गोल केला, डोक्याने. अठ्ठावीस पूर्ण झाल्यावर त्याला सोडलं. तो उत्तरेला एका थंड देशात गेला. तिथले पहिले चार महिने त्याला काही जमलं नाही, तिथल्या पेपरांनी त्याला म्हातारा म्हटलं, असं त्याच्या बंदराच्या पेपराने रागाने लिहिलंय. मग जमलं. तिथेही तो सगळ्यांत जास्त गोल करणारा झाला, एकदा नव्हे, दोन मोसम. एका कात्रणात तिथल्या एका बचावपटूचं बोलणं दिलं आहे की मी नव्वद मिनिटं त्याच्या शेजारी उभा होतो आणि तो तिथे नव्हता. तुम्ही हे अंगणात करून दाखवलं होतं, कमरेवर हात ठेवून. शेवटच्या वर्षी तो आपल्या बंदरात परत आला. त्याला मोठे क्लब बोलावत होते, तरी आला. केस मागे हटलेले, पोट थोडं सुटलेलं. रोज बेटावरून लाँचने यायचा. घरमालकीण म्हणाली, तिने त्याला मासळीबाजारात पाहिलंय. सगळं गाव त्याला फुकट द्यायला तयार, आणि हा गडी घासाघीस करून, पैसे देऊन घ्यायचा. शेवटच्या मॅचला दोन गोल, दोन्ही जवळून, पोचून. अजून जिवंत आहे असं ती म्हणाली. मी खात्री केलेली नाही.

मी कुणा खेळाडूचा चाहता नाही. पण या माणसाचं आयुष्य मी आता नीट ओळीने लावलं आहे, तारखांप्रमाणे, आणि त्यात मला फुकट गेलेलं एकही वर्ष सापडत नाही. तुम्ही सहा रविवार पाहून ते ओळखलं होतं. नजर तुमची होती. मी फक्त वाचणारा होतो, आणि मला वाचता येत नव्हतं.

अकराव्या पाकिटातलं कात्रण शेवटच्या मॅचचं आहे. त्याच्या मागे पेन्सिलने एक ओळ लिहिली आहे. इतक्या वर्षांत क्रेनवाल्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली ती एकच. बाईला अक्षर लागेना, म्हणून मी फोटो मोठा करून पुन्हा पाठवला. 'भंडारी, तू आहेस ना, एवढं कळव.' खाली त्याचा पत्ता आहे. पाकिटावरच्या शिक्क्यानुसार तुम्ही त्यानंतर दोन वर्षं होता.

हे पत्र टाकायला जागा नाही, आणि असती तरी तुम्हाला ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मी काल दुपारी ते एकदा मोठ्याने वाचून पाहिलं, घरात कुणी नसताना. चारही गोल वाचले, लाँच वाचली, बाजार वाचला. गुडघ्याचं खोटं होतं तेही वाचलं. पेन्सिलच्या ओळीपाशी आलो आणि ती गाळून पुढे गेलो.